सतरंजीवरचा भारत

१९७५ साल. जगानं ते बायकांना देऊन टाकलं होतं. त्याआधीची सगळी सालं पुरुषांनी वापरून झाली होती आणि पुढची त्यांना लागणारच होती. मधलं एक आमच्या वाट्याला आलं. जागतिक महिला वर्ष. आमच्या कॉलनीपर्यंत ते पोचायला ऑक्टोबर उजाडला.

त्या दुपारी साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये महिला मंडळाची सभा भरली होती आणि अध्यक्षीणबाई, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरांच्या पत्नी प्रमिलाबाई इनामदार, आम्हाला जग समजावून सांगत होत्या. उन्हाळ्यात त्या साहेबांबरोबर युरोप-अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. साहेब बीटापासून साखर कशी करतात ते बघायला गेले होते. बाई काय बघायला गेल्या होत्या ते ठाऊक नाही, पण बघून आल्या होत्या खऱ्या.

"जगात तीन प्रकारचे देश असतात," त्या म्हणाल्या. "विकसित, विकसनशील आणि अविकसित."

"म्हंजे ए टाईप, बी टाईप आन् सी टाईप," माझ्या शेजारी मांडी घालून बसलेली हलिमाभाभी पुटपुटली. तिचं पुटपुटणं मागच्या भिंतीपर्यंत जात असे. तिचा नवरा टर्बाइनवर होता आणि त्याच्याशी बोलून बोलून तिचा आवाज तसा झाला होता.

भाभीचं चुकलं नव्हतं. आमच्या कॉलनीत तीनच प्रकारची घरं होती. ए टाईप म्हणजे बंगले. तिथं स्वयंपाकघरात नळ, न्हाणीघरात नळ, आणि गुलाबांना तहान लागली तर बागेत तिसरा नळ. बी टाईपला घरटी एक नळ. सी टाईप म्हणजे दोन-दोन खोल्यांची आमची लांबलचक ओळ, आणि अख्ख्या ओळीला एक नळ, तोही उताराच्या तळाशी. पाणी सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. रिकामी घागर घेऊन उतरायचं आणि भरलेली घेऊन चढायचं. ज्यानं कुणी तो नळ तिथं बसवला त्यानं जन्मात पाणी भरलं नसावं. हंगाम सुरू झाला की चिमणीची काजळीसुद्धा नेमकी आमच्याच वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरे. वारा ग्रेड बघून वाहायचा. मळीचा वास तेवढा तिन्ही टाईपना सारखा मिळे. त्यालाच समाजवाद म्हणत असावेत.

मी वर्षापूर्वी लग्न होऊन मिरजेहून या ओळीत आले होते. नवरा प्रयोगशाळेत केमिस्ट. मी इंटर पास. ओळीत एवढं शिक्षण कुणाचं नव्हतं, त्यामुळे मला पत्रं वाचायला बोलवत. पाण्याच्या रांगेत मात्र नंबर शेवटचाच असे.

"मेक्सिकोत या वर्षी जागतिक महिला परिषद झाली," इनामदारबाई सांगत होत्या. "तशीच आपण इथं करायची. प्रत्येकीनं एकेक देश व्हायचं. प्रांतसाहेब अध्यक्ष म्हणून येणार आहेत. संचालक मंडळानं महिला वर्षासाठी आपल्याला काही रक्कम मंजूर केली आहे. तिचं काय करायचं ते आपल्या परिषदेत, लोकशाही पद्धतीनं ठरेल."

"काय ठरेल?" मी विचारलं.

"लेडीज क्लबला गालिचा आणि टेबल टेनिसचं टेबल," बाई म्हणाल्या.

हलिमाभाभी उठून उभी राहिली. "आन् आमच्या नळाचं काय, बाईसाब? तीन साल झाली अर्ज देऊन. कलावतीला सातवा महिना लागलाय. त्या पोरीनं घागर घेऊन चढ चढायचा काय?"

इनामदारबाई हसल्या. फार समजूतदार हसायच्या त्या. "हलिमाबी, नळ हा स्थानिक प्रश्न आहे. ही जागतिक परिषद आहे."

मग सेक्रेटरी केतकरबाई उठल्या. चीफ केमिस्ट केतकरसाहेबांच्या पत्नी; माझ्या नवऱ्याच्या साहेबांची बायको, म्हणजे माझ्याही साहेबीणच. उंच, किडकिडीत, काळ्या फ्रेमचा चष्मा, बोलणं मोजकं. त्यांचा बंगला ए टाईपमधला शेवटचा. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी नेमकी आमच्या नळावर उघडत असे, आणि सकाळ-संध्याकाळ आमची रांग लागली की बाई त्या खिडकीत उभ्या. गजांना धरून, न हलता. आम्ही खालून घालायच्या त्या शिव्या घालत होतो. "बघा बघा, फुकटचा शिनेमा!" भाभी तर तोंडावर म्हणायची. खिडकी बंद होत नसे.

केतकरबाईंनी देश वाटायला सुरुवात केली. दरडोई उत्पन्नाप्रमाणे केलेलं वर्गीकरण आहे असं म्हणाल्या. ते उत्पन्न देशांचं होतं की आमच्या नवऱ्यांचं, ते त्यांनी सांगितलं नाही. अमेरिका इनामदारबाई. इंग्लंड, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, जपान हे सगळे बंगल्यांत गेले. रशियाला कुणी हात लावीना, तो युनियनच्या पुढाऱ्याच्या बायकोला मिळाला. ब्राझील, तुर्कस्तान, इजिप्त बी टाईपला. मग आमची ओळ.

"हलिमाबी, चाड."

"हे कुठं आलं?"

"आफ्रिकेत."

"पानी हाय तिथं?"

"फारसं नाही."

"मग बराबर हाय," भाभी म्हणाली आणि खाली बसली.

"मंदाकिनी वाळिंबे, अप्पर व्होल्टा. राजधानी वागाडुगू." केतकरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पाठ करा. अवघड आहे."

मला राग आला. राजधानीचा नाही. आपण इंटर झालेलो असून आपल्याला निदान नेपाळ तरी मिळायला हवा होता, याचा. त्या रागातच मी विचारलं, "आणि भारत कोण?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, जेवायला बसल्यावर मीठच वाढलेलं नाही हे कळावं तसं.

"भारत राहिला की काय?" इनामदारबाई म्हणाल्या.

केतकरबाईंनी हातातला कागद खालीवर बघितला. "राहिला खरा."

"अगं बाई! मग आता कोण घेतं?"

फ्रान्सला पॅरिस सोडवेना. ब्राझीलनं सांगितलं की तिचं कॉफीवरचं भाषण मनात अर्धं तयार झालंय. जपाननं तर किमोनोसाठी कुठली साडी फाडायची तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. कुणीतरी म्हणालं, "भारत नसला तर नाही का चालणार? आपण सगळ्या आहोतच की."

"गैरहजर कोण आहे?" केतकरबाईंनी विचारलं.

"कलावती सुतार," मी म्हणाले.

"मग उरलेला देश त्यांना," केतकरबाईंनी लिहून टाकलं.

*

कलावहिनी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. कवठ्याची पोर, लग्नाला सहा वर्षं झालेली. नवरा फिटर. आधीची दोन बाळं गेली होती, एक पाचव्या महिन्यात, एक सहाव्यात. मिरजेच्या डॉक्टरनं या खेपेला बजावून सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही. डॉक्टरला काय जातं सांगायला? त्यानं ओळीतला चढ पाहिला नव्हता.

मी आणि भाभी तिचं पाणी आळीपाळीनं भरत होतो. तिच्या नवऱ्यानं का भरू नये, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारत नसे. पुरुषानं नळावर घागर नेली तर टाईप बदलत नाही, पण इज्जत बदलते असं सगळ्यांचं मत होतं. त्याचंसुद्धा.

सभेहून येऊन बघते तर कलावहिनी दाराशी उंबऱ्यावर बसलेली, चेहरा पांढराफटक, शेजारी अर्धी भरलेली कळशी.

"हे काय वहिनी? कुणी सांगितलं होतं?"

"अर्धीच हाय गं."

"अर्धी असो नाहीतर पाव असो! भाभीनं बघितलं तर तुझ्याच डोक्यावर ओतेल."

"मंदावैनी, उसनं पानी किती दीस आनायचं मानसानं?" ती म्हणाली. "तुमचंच तुम्हाला हुईना. पोटात दुखतंय जरा. जाईल."

मी कळशी आत नेऊन ठेवली. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, एक हात पोटावर. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुला देश मिळालाय."

"कोनचा?"

"भारत."

तिनं डोळे उघडले. "आपला?"

"आपलाच. कुणी घेईना, म्हणून तुला."

कलावहिनी हसायला लागली. पोट धरून हसायला लागली आणि मला भीती वाटायला लागली, की आता हसण्यानंच काहीतरी व्हायचं. "आरं देवा! मी गेलेबी न्हाई आन् माझ्या गळ्यात आख्खा देश!"

रात्री नवऱ्याला नळाबद्दल सांगितलं. म्हटलं, परिषदेत मी उठून बोलणार. तो जेवता जेवता थांबला. "तू अप्पर व्होल्टा आहेस ना? मग अप्पर व्होल्टासारखी गप्प बस. केतकरसाहेब माझे साहेब आहेत."

त्याचंही बरोबर होतं. अप्पर व्होल्टा तेव्हा कुठंच काही बोलत नव्हता.

*

रंगीत तालमीला इनामदारबाईंनी एक नवी गोष्ट काढली. विकसित देश अविकसितांना मदत देतात, ती दाखवायची कशी? धान्याची पोती आणायची तर हॉल घाण होतो.

"ओटी भरू या!" त्यांना सुचलं. "अमेरिका एकेका देशाची ओटी भरेल. नारळ, खण, मूठभर तांदूळ. आपली संस्कृतीही दिसेल आणि परराष्ट्र धोरणही."

बसण्याची व्यवस्थाही ठरली. विकसितांना सोफे. विकसनशील खुर्च्यांवर. अविकसित खाली सतरंजीवर.

"भारत विकसनशील ना?" इनामदारबाईंनी विचारलं. "मग त्या कलावतीला खुर्ची द्यायला हवी."

बी टाईपच्या खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. फिटरच्या बायकोच्या शेजारी बसायचं म्हणजे काय, हे ब्राझीलच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

"दरडोई उत्पन्नाप्रमाणे शेवटच्या गटात येतो," केतकरबाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा. भारत सतरंजीवर. पुढच्या बाजूला, म्हणजे ओटी भरायला सोपं."

"तुम्ही काय ते बघा बाई," इनामदारबाई म्हणाल्या. ब्राझीलनं सुटकेचा श्वास सोडला.

हलिमाभाभी माझ्या कानात म्हणाली, "काळीज न्हाईच या केतकरनीला. पोटुशी बाई हाय, तिला बी खाली बसवतीय." मला काही वेगळं वाटत नव्हतं. तालीम संपल्यावर केतकरबाई कलावहिनीला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होत्या. भाषण पाठ नाही म्हणून झापत असतील असं मी धरून चालले.

*

परिषदेच्या दिवशी दुपारी प्रांतसाहेब आले. तरुण होते, मिशी नुकतीच ठेवलेली असावी. सोबत इनामदारसाहेब आणि तालुक्याच्या साप्ताहिकाचा फोटोवाला. जूनपासून आणीबाणी होती. गाड्या वेळेवर धावायला लागल्या म्हणत. आमच्या कॉलनीला स्टेशन नव्हतं, त्यामुळे ते बघायला मिळालं नाही. पण माणसं वेळेवर घाबरायला लागली होती हे आम्हीही बघत होतो. युनियनच्या पुढाऱ्याला दोन महिन्यांपूर्वीच उचललं होतं. त्याची बायको रशिया होऊन एकटीच कोपऱ्यात बसली होती, तिच्या शेजारी कुणी बसेना.

एकेक देश उठला, राजधानी आणि पिकं सांगून बसला. जपान किमोनोत अडखळून पडला, पण सावरला. मी वागाडुगू न चुकता म्हटलं, टाळ्याही पडल्या. भाभी उठली आणि म्हणाली, "चाड. पानी न्हाई." केतकरबाईंनी लिहून दिलेलं भाषण चांगलं पानभर होतं. भाभीनं सार सांगितलं.

प्रांतसाहेब मान डोलावत होते. त्यांचं लक्ष नव्हतं, हे कळत होतं. मग सनई लावली आणि मदत सुरू झाली. अमेरिका जरीची साडी सावरत सोफ्यावरून उठली, तबक घेऊन जर्मनी मागे. सतरंजीच्या पुढच्या कडेला कलावहिनी बसली होती, सात महिन्यांचं पोट घेऊन, हिरव्या लुगड्यात. गळ्यात पुठ्ठा: भारत. तिनं रीतीप्रमाणे पदर पुढे धरला. अमेरिकेनं वाकून त्यात नारळ टाकला.

फोटोवाल्याचा दिवा लखकन चमकला.

प्रांतसाहेब ताडकन उभे राहिले. "थांबा! या कोण?"

"मी अमेरिका," इनामदारबाई लाजून म्हणाल्या.

"तुम्ही नाही. या खाली बसल्या आहेत त्या."

भिंतीशी हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या केतकरबाई स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भारत, साहेब."

मिशीखाली प्रांतसाहेबांचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला. "भारत? सतरंजीवर? अमेरिकेपुढं पदर पसरून?" ते गर्रकन फोटोवाल्याकडे वळले. "हा फोटो छापायचा नाही."

"पण साहेब, ओटी..."

"छापायचा नाही म्हणजे नाही!" मग ते इनामदारसाहेबांकडे झुकले. हळू बोलायचा प्रयत्न होता, पण सतरंजीवर सगळं ऐकू येत असे. "हे वर कळलं तर माझी बदली चांद्याच्या जंगलात होईल. तुमचं काय होईल ते तुम्ही बघा. आधी त्या बाईंना सोफ्यावर बसवा."

फ्रान्स आणि इंग्लंड एकदम उठले. सोफा रिकामा झाला. दोघीतिघी कलावहिनीला उठवायला धावल्या.

कलावहिनी हलली नाही. "नगं साहेब. मला सोफ्यात बसवत न्हाई. पाठीत कळ येती, पुन्हा उठता येत न्हाई. हितंच बरी हाय."

"अहो बाई, पण भारत खाली..."

"खालीच बरी हाय."

प्रांतसाहेब घामाघूम झाले. भारत सतरंजी सोडत नव्हता आणि फोटोवाला रोल बदलत होता. शेवटी साहेबच दोन पावलं पुढे आले. "बरं, बसा. भारत कुणाकडे काही मागत नसतो. भारत स्वावलंबी आहे. नारळ परत द्या तो." कलावहिनीनं नारळ अमेरिकेला परत दिला. "आता मला सांगा, तुम्हाला काय हवंय? आपलं आपण बघू."

"भारत. राजधानी दिल्ली. मुख्य पिकं तांदूळ, गहू, ऊस," कलावहिनी म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं.

"ते झालं. हवंय काय?"

कलावहिनीनं केतकरबाईंकडे बघितलं. मला वाटलं, ही पुढचं विसरली आणि आता बाई हिला सगळ्यांदेखत झापणार. पण केतकरबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"नळ," कलावहिनी म्हणाली.

"काय?"

"नळ, साहेब. आमच्या सी टाईपात. मला सातवा हाय. आदूगरची दोन गेली. घागर उचलू नगं म्हनलाय डाक्टर, पन पान्याला पाय न्हाईत, ते चढून येत न्हाई."

प्रांतसाहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की पुठ्ठ्यांवरचे देश हलले. त्यांना वाटलं असावं, ती आणखी काही मागेल. त्या वर्षी मागण्यासारखं बरंच होतं.

"नळ! बास? इनामदारसाहेब, भारताला नळ द्या. आठ दिवसांत."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात हलिमाभाभीनं वाजवल्या आणि त्यानंतर रशियानं. गालिच्याचं बारसं व्हायच्या आतच तो गेला. केतकरबाईंनी साहेबांचे शब्द जसेच्या तसे ठरावात घातले, "भारताला नळ देण्यात यावा," आणि सगळ्या राष्ट्रांनी हात वर केले. अमेरिकेनंही केला, नारळ दुसऱ्या हातात होता.

*

नळ आला. आठ दिवसांच्या आत आला, कारण भीतीइतका चांगला ओव्हरसियर जगात नाही. पाइप टाकत टाकत माणसं चढ चढली, आमच्या दारांवरून गेली आणि कलावहिनीच्या अंगणात थांबली. तिथं एक नळ बसवला आणि हत्यारं गोळा करायला लागली.

"आन् आमचे?" भाभीनं विचारलं.

ओव्हरसियरनं खिशातून ठराव काढून दाखवला. "भारताला नळ असं लिहिलंय. भारत कोण ते ऑफिसात विचारून आलोय. हे घर."

"आन् चाडला?"

"चाडचा ठराव नाही."

"ह्यांच्या अप्पर... तुझं काय गं मंदे?"

"व्होल्टा," मी म्हणाले.

"त्याचाही नाही," ओव्हरसियर म्हणाला आणि सायकलवर बसला.

आम्ही बघत राहिलो. पाइप आमच्या उंबऱ्याखालून गेला होता. खाली कान लावला तर पाणी वाहत जाताना ऐकू आलं असतं. भाभी काही न बोलता आत गेली. तिच्या न बोलण्याची ती एकच वेळ मला आठवते.

कलावहिनी नळासमोर उभी होती. तिनं तो उघडून बघितला, बंद केला. मग नवऱ्याला हाक मारली. "अवो, तुम्ही फिटर हाय न्हवं? कारखान्याचंच फिट करतासा व्हय? ह्याचं तोंड फिरवा."

"कुठं?"

"भायेर. बोळात."

त्यानं सुट्टीच्या दिवशी पाइप कापून, कुंपणाच्या भिंतीतून आरपार काढून नळाचं तोंड बोळाकडे केलं. आत आडोशाला एक छोटी तोटी ठेवली, तिच्यापुरती. त्या दिवसापासून ओळीची रांग उताराच्या तळाशी नाही, तिच्या भिंतीशी लागायला लागली. इनामदारबाईंच्या कानावर गेलं. बेकायदा आहे म्हणाल्या, तोडायला माणूस पाठवा म्हणाल्या. ओव्हरसियर येऊन बघून गेला. पण त्या वर्षी भारताचा नळ तोडायची हिंमत कुणाची होती?

संक्रांतीच्या आधी कलावहिनीला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, धडधाकट, आणि हलिमाभाभीच्या आवाजाला टक्कर देणारी. बारशाला इनामदारबाई आल्या, चांदीचा चमचा घेऊन. "नाव भारती ठेवा," त्यांनी सुचवलं.

"नगं बाईसाहेब," कलावहिनी म्हणाली. "पुन्हा कुनीतरी सतरंजीवर बसवंल."

उज्ज्वला नाव ठेवलं.

*

या सगळ्याला आता किती वर्षं झाली ते मोजायला मी नातवाला सांगते, मला नको वाटतं.

इनामदारसाहेबांना पुढच्या संचालक मंडळानं निरोपाचा हार घातला. प्रमिलाबाई पुण्याला मोठ्या सोसायटीत राहायला गेल्या. तिथं उन्हाळ्यात टँकरचं पाणी यायचं आणि त्या बादली घेऊन खाली उतरायच्या, असं ऐकलं. स्थानिक प्रश्न असणार. प्रांतसाहेब चांद्याला गेले नाहीत. मुंबईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात "एका कारखान्यात मी महिलांसाठी पाणीयोजना राबवली" असं एक वाक्य आहे. भारताचा उल्लेख नाही.

हलिमाभाभीचा मुलगा दुबईत नोकरीला लागला. त्यानं तिला एकदा विमानानं नेलं. परत आल्यावर म्हणाली, "कसला इकसित देश गं मंदे! नळाला गरमच पानी येतं, ताक करायला थंड मिळंना." गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या मयतीला आमची अख्खी ओळ होती, कुठून कुठून आलेली.

कलावहिनी इस्लामपुरात असते, गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. उज्ज्वला इंजिनिअर झाली आणि एका पंप बनवणाऱ्या कंपनीसाठी आफ्रिकेत जाऊन येऊन असते. मध्ये एकदा तिचा फोन आला. "मावशी, ओळख मी कुठून बोलतेय. वागाडुगूहून! तुझ्या देशातून!" माझ्या देशानं १९८४ मध्ये नाव बदललं. मला कुणी विचारलं नाही. "कसा आहे गं?" मी विचारलं. "आपल्या ओळीसारखाच," ती म्हणाली, "बायका लांबून पाणी आणतात."

आम्हाला पुढे बी टाईप मिळाला. मी विकसनशील झाले. आता सांगलीत असते. टीव्हीवर रोज सांगतात, भारत अमक्यात कितवा आला, तमक्यात कितवा गेला, दहावीचा निकाल लागल्यासारखं. मी ऐकते आणि मनातल्या मनात विचारते, खुर्ची मिळाली का सतरंजी?

राहिल्या केतकरबाई. साहेब गेल्यावर त्या कोल्हापुरात भाच्याकडे राहायला होत्या. एका लग्नाला गेले होते, म्हणून भेटून आले. ऐंशीच्या पुढे होत्या, तसाच चष्मा, तसंच मोजकं बोलणं. भाच्याची सून चहा देऊन गेली. विषय निघाला म्हणून मी हसत म्हटलं, "बाई, त्या वेळी तुम्ही सगळं जग वाटलंत आणि भारत तेवढा विसरलात!"

त्यांनी कप खाली ठेवला. "मंदाकिनी, लग्नाआधी मी सहा वर्षं भूगोल शिकवत होते. भारत विसरेन का हो मी?"

मी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं.

"प्रांत येणार, फोटोवाला येणार हे मला ठाऊक होतं. आमंत्रणं मीच लिहिली होती. कलावती त्या दिवशी सभेला आली असती तरी तोच देश तिला जायचा होता. तिला तालमीनंतर दोनच गोष्टी सांगितल्या. सतरंजी सोडायची नाही आणि कुणी विचारलं तर खरं काय हवं ते सांगायचं. शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही म्हणून. साहेबांची नोकरी होती."

"पण प्रांत विचारतील हे तुम्हाला काय माहीत?"

"ते नव्हतं माहीत. घाबरतील एवढं माहीत होतं. घाबरलेला माणूस काहीतरी देऊन मोकळा होतो." त्यांनी कप पुन्हा उचलला. "एक चुकलं. भारताला नळ असं मी लिहिलं. भारत म्हटलं की सगळी ओळ त्यात आली, असं मला वाटलं होतं. ओव्हरसियरला तसं वाटलं नाही."

"पण बाई, तुम्ही... कशासाठी?"

"त्या खिडकीतून सगळं दिसायचं," त्या म्हणाल्या. "आधीच्या दोन्ही वेळा बघितलं होतं मी. घागर कशी सुटली ते. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. मला बंद करवत नव्हती ती खिडकी."

मग त्यांनी मला आणखी एक बिस्किट घ्यायला लावलं आणि अप्पर व्होल्टाची राजधानी विचारली. मी सांगितली. "शाबास," म्हणाल्या.

निघाले, रस्त्यावर आले, आणि सवयीनं वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत त्या उभ्या होत्या, गजांना धरून, न हलता. या वेळी मी शिवी घातली नाही. हात केला.